पांढरं रान

तलावातला गाळ त्या उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या रानात पडला आणि श्रीमंतच्या बांधापाशी येऊन थांबला. आधी मशीनचं डिझेल संपलं असं सांगण्यात आलं, मग मशीनवाल्याच्या घरी लग्न निघालं, आणि मग वळीव झाला नि तलावात पाय रुतायला लागले. सरपंचाच्या चुलत्याचं रान मात्र काळंभोर दिसत होतं. त्याच्या वेळी डिझेलही होतं आणि लग्नही नव्हतं.

श्रीमंतचं रान शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला, टेकाडाच्या उतरणीवर. दोन एकर. वर वीतभर माती आणि खाली मुरूम. लग्न होऊन आल्यावर लक्ष्मीबाईनं या रानातले धोंडे वेचून बांधाला लावले होते. धोंडे उचलता उचलता तिचं पहिलं पोर पोटातच गेलं. सुनेला जपता आलं नाही, असं सासू मरेपर्यंत म्हणत राहिली. धोंडे उचलायला आपणच पाठवलं होतं, हे तिनं कधी काढलं नाही. त्या मोकळ्या झालेल्या रानात मग तूर व्हायची, ज्वारी व्हायची. घरापुरतं पिकायचं आणि थोडं अहमदपूरच्या मोंढ्यावर जायचं. लक्ष्मीबाईला तेवढं पुरत होतं. श्रीमंतला आधी पुरत होतं, पण शेजारी बसलिंगप्पाच्या रानात गाळाच्या ट्रॉल्या खाली होताना पाहिल्यापासून पुरेनासं झालं.

बांधाला लागूनच खाजामियाँचं फरशी कापायचं शेड होतं. खाजामियाँ शिरूरचे, बापाच्या काळापासून शहाबादी फरशी कापून, घासून विकणारे. कापताना पात्यावर पाणी सोडावं लागतं आणि ते पाणी दगडाची भुकटी घेऊन मागच्या खड्ड्यात जातं. पाणी आटलं की खाली पांढरा, लोण्यासारखा मऊ थर उरतो. तो थर टाकायचा कुठे, ही खाजामियाँची जुनी डोकेदुखी. ओढ्यात टाकला तर लोक भांडायला यायचे आणि रस्त्याकडेला टाकला तर वाऱ्यानं लोकांच्या ताटात जायचा.

श्रीमंत एका सकाळी त्या खड्ड्यात उतरला. मूठभर भुकटी दाबून बघितली, बोटांत चोळली. हाताला गार लागली, बोटाला चिकटली. तलावातला गाळ असाच तर असतो, फक्त काळा असतो. शिवाय चुन्याचा दगड, आणि चुना जमिनीला मानवतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कुठं ते त्याला आठवलं नाही, पण त्याची त्याला गरज वाटली नाही.

न्यायचा असेल तर खुशाल न्या, माझ्यावर उपकारच होतील, असं खाजामियाँ म्हणाले. मग श्रीमंत ट्रॅक्टर सांगायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावलं.

“श्रीमंतभाऊ, ह्यो दगडाचा चुरा हाय. शेडमागचा लिंब बगा, पार वाळून गेला. कुणाला तरी इचारून टाका.”

“लिंबाला पाणी कोण घालतंय?” श्रीमंत म्हणाला आणि गेला.

विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर चार लोकांत गेलं असतं, चार लोक काहीतरी म्हणाले असते, आणि लोकांनी काही म्हणावं हेच त्याला नको होतं. लक्ष्मीबाईनं आधी एका कोपऱ्यात टाकून बघू म्हणून दोनदा सांगितलं. बाकीच्यांनी काय कोपऱ्यात टाकून बघितलं होतं का, असं त्यानं विचारलं. बाकीच्यांनी तलावाचा गाळ टाकला होता, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण नवऱ्याच्या अंगात कामाची हौस आलेली तिनं बऱ्याच वर्षांनी पाहिली होती. ती पदर खोचून घमेलं उचलायला गेली.

ट्रॅक्टरनं ढीग टाकले आणि दोघांनी ते फावड्यानं पसरले. वरून वैशाखाचं ऊन होतं आणि खालून तो पांढरा उजेड डोळ्यांत शिरायचा. घाम आला की भुकटी अंगाला लिंपली जायची आणि वाळली की कातडी ओढायची. लक्ष्मीबाईच्या टाचा उकलल्या, बोटांची पेरं फाटली. भाकरी थापताना पीठ त्यात जाऊन झोंबायचं. श्रीमंत दर ढिगामागं दोन पावलं मागं सरून रानाकडे बघायचा. गावाच्या ग्रुपवर त्यानं फोटोही टाकला आणि खाली लिहिलं, आमचा पण गाळ पडला. लोकांनी अंगठे दाखवले. कुणीतरी दह्याच्या वाटीचं चित्र टाकलं. ती थट्टा आहे हे श्रीमंतला कळलं नाही, लक्ष्मीबाईला कळलं.

मृगात सोयाबीन पेरलं. पाऊस बरा झाला आणि दोन दिवस ऊन पडलं. त्या उन्हात भुकटीनं वर पापुद्रा धरला, भाकरी धरते तसा, पण टणक. खाली दाणे फुटले होते. कोंबांनी वर डोकं लावलं, पापुद्रा उचलला नाही, आणि कोंब मानेतून मोडले. लक्ष्मीबाई खुरपं घेऊन ओळीओळीनं बसली. पापुद्रा फोडायचा, खालचा वाकडा कोंब बोटानं सरळ करायचा, पुढं सरकायचं. तिच्या गुडघ्यांना वाटोळे घट्टे पडले. जे कोंब वर आले ते पंधरवड्यात पिवळे पडले. हिरव्या शिरा आणि मधलं पान पिवळं, आजारी माणसाच्या तळव्यासारखं. श्रीमंतनं युरिया टाकला, मग कसलीशी बाटली आणून फवारली. दुबार पेरणी केली. तूर टोचून बघितली. तुरीनं दोन पानं दाखवली आणि ती परत घेतली.

पापुद्र्यामुळं पाणी मुरेना. प्रत्येक पावसाला रानातून पांढरं पाणी वाहत बसलिंगप्पाच्या काळ्या रानात उतरायचं. बसलिंगप्पा भांडखोर माणूस नव्हता. तो बांधावर आला, वाहत्या पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “श्रीमंता, तुज्या घरचं दूध तुज्या घरी ठिव की बाबा.” त्याच्या रानातले गडी हसले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य पारावर पोचलं. तेव्हापासून त्या दोन एकराला दूधरान असं नाव पडलं, आणि श्रीमंतनं टाकलेला तो फोटो कुणीतरी पुन्हा ग्रुपवर फिरवला. त्या दिवसानंतर श्रीमंत पारावर गेला नाही. हजामतीलासुद्धा तो शिरूरला जायला लागला.

खाजामियाँ एकदा घरी आले. बायकोनं, अमीरबीनं, दिलेला खिचड्याचा डबा त्यांच्या हातात होता. माझी दोन माणसं देतो, वरचा थर खरवडून काढू, असं म्हणाले. श्रीमंत खाटेवर पाठ करून निजून राहिला. लक्ष्मीबाईनं डबा रिकामा करून, धुऊन, त्यात मूठभर शेंगदाणे घालून परत दिला. ती म्हणाली, “तुमी सांगितलं हुतं भाईजान. मी ऐकलंय.” खाटेवरच्या माणसानं चादर डोक्यावर ओढून घेतली.

दिवाळीला मुलगा आला. सत्यम लातूरला डिप्लोमा करून अहमदपूरच्या आदर्श नावाच्या ठेकेदाराकडं लागला होता. आदर्श रस्त्याकडेला बसवायचे सिमेंटचे ठोकळे करायचा. सत्यमनं रान बघितलं, खाली बसून पापुद्रा मोडून बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. या भुकटीला आता मागणी आहे, म्हणाला. काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट आणि बरीच वाळू कमी करून ही घालतात. ठोकळा भरीव होतो, नदीतली वाळू वाचते, फरशीवाल्याची घाणही जाते. आदर्शशेठ अशीच भुकटी शोधत आहेत.

“मंजी रानातली नेतील?” लक्ष्मीबाईनं विचारलं.

“नेतील की. पैसे बी देतील.”

पैशाचं ती ऐकतच नव्हती. कुणीतरी हे पांढरं रानातून उचलून नेईल, एवढंच तिला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला ती पत्र्याचा तुकडा घेऊन रानात गेली. वाळलेला पापुद्रा ती अलगद सुटा करायची, खालची माती झटकायची आणि टोपल्यात भरायची. टोपलं भरलं की बांधाच्या कडेला ओतून यायची. पापुद्रा निघाला की खालून तपकिरी माती दिसायची, आणि ती दिसली की बाई थोडा वेळ तिच्यावर हात ठेवून बसायची. थंडीचे दिवस तिनं असे घालवले. श्रीमंत तिच्यासोबत आठवडाभर होता, मग त्याची कंबर धरली आणि मनही उडालं. रस्त्यानं जाणारी प्रत्येक मोटारसायकल या रानापाशी हळू होते असं त्याला वाटायचं, आणि थोड्या तरी खरंच व्हायच्या.

संक्रांत होऊन गेल्यावर लक्ष्मीबाई भावाच्या घरी कार्याला दोन दिवस कमलनगरकडं गेली होती. परत येऊन एसटीतून उतरली तर रान सपाट होतं. श्रीमंतनं ट्रॅक्टरला पातं लावून सगळं रान एका दिवसात ओढून काढलं होतं. मधोमध माणूसभर उंचीचा ढीग होता, पांढरा, आणि त्यात तपकिरी रेघा. रानात जागोजागी पिवळा मुरूम उघडा पडला होता. तिनं धोंडे वेचलेलं, पावसापावसानं वीतभर जमवलेलं जे काही होतं, ते सगळं त्या ढिगात गेलं होतं.

“एका दिवसात काम झालं,” श्रीमंत म्हणाला. “तू वर्षभर टोकरत बसली असतीस.”

लक्ष्मीबाई पिशवी खाली ठेवून ढिगाच्या भोवती एकदा चालून आली.

आदर्श आठवड्यानं आला, पांढऱ्या गाडीतून, सत्यमला सोबत घेऊन. पोरगा वाईट नव्हता. बूट काढून चटईवर बसला, चहा घेतला, लक्ष्मीबाईला काकू म्हणाला. मग ढिगातली मूठभर भुकटी त्यानं काचेच्या बरणीत टाकली, पाणी घातलं, हलवली आणि बांधावर ठेवली. सगळे ती बरणी बघत उभे राहिले. आधी खाली रेती बसली, मग पांढरं, आणि वर चहाच्या रंगाचं पाणी तसंच राहिलं. ते निवळेचना.

“माती हाय काका. लई माती हाय,” आदर्श म्हणाला. “ठोकळा धरणार न्हाई, फुटंल.”

लक्ष्मीबाईनं त्याला बांधाकडचा आपला ढीग दाखवला. त्यानं तोही बरणीत घालून बघितला. हा चालण्यासारखा आहे, म्हणाला. पण एवढ्याशानं एक दिवसाचं कामसुद्धा निघणार नाही, गाडीचं भाडं अंगावर येईल.

श्रीमंत पुढं आला. त्यानं हात जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखाच होता. “फुकट न्या. पैसे नगत. निस्तं उचला.”

आदर्शनं मान हलवली. त्याला स्वच्छ माल हवा होता आणि तो शेजारीच, खाजामियाँच्या खड्ड्यात होता. जाताना त्यानं तो खड्डा बघितला, सौदा केला, आणि परत येऊन श्रीमंतच्या रानात उभा राहिला. पायानं मुरूम दाबून बघितला. रस्ता बघितला, विजेची तार बघितली. भुकटी शेजारी, रस्ता पुढं आणि जमीन पक्की. ठोकळ्यांच्या यार्डाला अशी जागा मिळत नाही, काका, असं तो म्हणाला. वीस वर्षांच्या भाड्यानं द्या. सत्यमला इथंच सुपरवायझर करतो. काम तुम्हा दोघांनाही देतो.

घरात त्या दिवसापासून भांडणाला तोंड फुटलं. सत्यम म्हणायचा, अण्णा, आता रान राहिलंय कुठं? लक्ष्मीबाई म्हणायची, माती कुठं गेलेली नाही, ढिगात आहे. मी ती परत पसरते, शेणखत टाकते, दोन वर्षं ताग करून जमिनीत गाडते. दोन वर्षं खायचं काय, असं सत्यमनं विचारलं. आजवर काय खाल्लं, असं तिनं विचारलं. श्रीमंत दोघांच्या मध्ये बसून विडी ओढायचा. जमीन त्याच्या नावावर होती आणि त्याला एकच दिसत होतं, ते म्हणजे रस्ता. यार्ड झालं की लोक दूधरान म्हणायचं सोडतील. शेड येईल, पाटी लागेल. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण तीस वर्षं ज्या बाईनं त्याच्या घरात चूल पेटवली तिला ते ऐकू येत होतं.

शेवटी ती खाजामियाँच्या शेडवर गेली. बाईमाणसानं एकटीनं तिथं जायची ती पहिलीच वेळ. मशीन बंद करून ते बाहेर आले. तुम्ही एकदा समजावून सांगा, तुमचं ऐकलं नव्हतं याची त्यांना मनातून लाज आहे, आता ऐकतील, असं ती म्हणाली. आपला नवरा तिला अजून पुरता कळला नव्हता.

खाजामियाँ संध्याकाळी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“श्रीमंतभाऊ, गाळ माज्या खड्ड्यातला. ती चूक माजी बी धरा. पर जमीन देऊ नगा. मी माती आणून देतो, उदगीरकडून आणतो. माज्या पोराला, मुज्तबाला ट्रॅक्टर घिऊन लावतो.”

श्रीमंत उठून उभा राहिला. इतके महिने पाठ करून निजलेला माणूस आता समोर बघत होता.

“तुमचा खड्डा इकला न्हवं? तुमच्या घाणीला भाव आला. आमच्या रानाची घाण झाली. आता माती आणून देतो म्हणतावं, उपकार करतावं? व्हा बाहीर.”

“मी बाहीरच हाय भाऊ,” खाजामियाँ म्हणाले.

लक्ष्मीबाई दारात आली तोवर ते पायऱ्या उतरून गेले होते. तीस वर्षांची ओळख. ईदेला शीरखुर्मा यायचा आणि पोळ्याला पुरणपोळी जायची. ते त्या दिवशी संपलं. त्याच आठवड्यात श्रीमंतनं लातूरला जाऊन सही केली.

मग काम झपाट्यानं झालं. मातीचा तो ढीग आदर्शनं रस्त्याच्या भरावात टाकला. मुरूम दाबून सपाट केला, पत्र्याचं शेड उभं केलं, ठोकळे पाडायचं मशीन आणलं. ठोकळ्यांना पाणी लागतं म्हणून बोअर घेतलं. गावातल्या लोकांनी टेकाडावर पाणी लागायचं नाही म्हणून पैजा लावल्या. गाडी दुपारी सुरू झाली आणि दिवस मावळायच्या आत फवारा वर आला, पुरुषभर, स्वच्छ. गडी ओरडले. सत्यमनं मोबाईलवर शूटिंग केलं. श्रीमंत त्या फवाऱ्याखाली ओलाचिंब होऊन उभा राहिला आणि हसतो आहे की काय करतो आहे हे कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं तो आभाळाकडे बघून पेरत आला होता आणि पाणी पायाखाली होतं. लक्ष्मीबाई घरी होती. तिला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. ती म्हणाली, “आस्सं?” आणि पीठ मळत राहिली.

तिला यार्डात पाणी मारायचं काम मिळालं. ताजे ठोकळे ओळीनं लावलेले असतात. त्यांना सकाळ-संध्याकाळ भिजवावं लागतं, नाही तर तडे जातात. काम हलकं आहे, आईला जड नको, असं सत्यमनंच शेठला सांगितलं होतं. ती पदर डोक्यावर घेऊन काळा पाइप धरायची आणि ओळीओळीनं फिरायची. श्रीमंत ठोकळे उचलून रचायचा. दोघं एकाच रानात असायची, पण बोलायची नाहीत. कोणत्या ओळीत काय पेरलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला एका कॉलेजची मुलं बसनं आली. सोबत त्यांचे सर होते. शिकायला आली होती, चांगली मुलं होती. सावलीत उभी राहून सत्यम सांगेल ते लिहून घेत होती. सत्यमनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो छान बोलत होता. दगडाची भुकटी किती टक्के घालतो, वाळू किती वाचते, ठोकळा दाबून बघितला तर किती भार घेतो. आधी ही भुकटी ओढ्यात जायची, लोकांच्या शेतात जायची, जमिनी खराब व्हायच्या, असं तो म्हणाला. आता ती काँक्रीटमध्ये बंद होते. शेतं वाचतात.

सर खूश झाले. त्यांनी यार्डावरून नजर फिरवली आणि विचारलं, “या जागेवर आधी काय होतं?”

लक्ष्मीबाई शेजारच्या ओळीला पाणी मारत होती. श्रीमंत ठोकळा छातीशी धरून तसाच थांबला. सत्यमनं आईकडे बघितलं नाही.

“काही नाही सर,” तो म्हणाला. “पडीकच होतं.”

पाइपातलं पाणी एकाच ठोकळ्यावर पडत राहिलं, तिथून उतरून मुरमावरून सरांच्या बुटांकडे वाहायला लागलं. सत्यमनं मान वळवून पाणी पुढच्या ओळीला घ्यायची खूण केली. तिनं पाइप हलवला नाही.

“तूर व्हायची हितं,” लक्ष्मीबाई म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण मुलांनी वह्यांतून डोकी वर काढली. “जवारी व्हायची. माज्या हातची. धा गावच्या लोकानं खाल्लीय. पडीक कवा हुतं रं, सत्यम? तू त्याच्यावरच शिकलास न्हवं?”

श्रीमंतनं ठोकळा थप्पीवर ठेवला आणि दुसरा आणायला वळला. सरांनी समजल्यासारखी मान डोलावली, आणि बूट भिजू नयेत म्हणून ते दोन पावलं मागं सरले.